बाबांना ‘डिनायल’ म्हणण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फोनवर बोलण्यापेक्षा सविस्तर लिहावं असं वाटलं. एम.ए.ला मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड सुरू झाला आणि महिन्याभरात तुझ्या घरातलं प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या संज्ञेत जाऊन बसलं. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले बाबा अजूनही पहाटे उठतात, दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालून बसतात, म्हणून ते ‘डिनायल’मध्ये, म्हणजे वास्तव नाकारणारे. आई मावशीवर चिडते ते ‘प्रोजेक्शन’, म्हणजे स्वतःच्या मनातलं दुसऱ्यावर लादणं. नेणिवेची, म्हणजे आपल्यालाच ठाऊक नसलेल्या मनाची, कल्पना पहिल्यांदा भेटली की माणूस झपाटून जातो, आणि तसं झपाटलं जायलाच हवं. पण तुला पुढे यातच काम करायचंय, समोर खरी माणसं बसणार आहेत, म्हणून आत्ताच सांगते. या सिद्धांताचा उपयोग ऐकताना होतो. समोरच्याचं मन ओळखून दाखवायला गेलीस की तो हातातून निसटलाच म्हणून समज.

हे फ्रॉइडनेच १९१० साली एका छोट्या निबंधात लिहून ठेवलंय. घटस्फोटानंतर चिंतेने त्रासलेल्या एका बाईंना त्यांच्या तरुण डॉक्टरने सरळ सांगून टाकलं, की तुमच्या चिंतेचं मूळ अतृप्त लैंगिक इच्छेत आहे. बाईंचा त्रास आणखीच वाढला. फ्रॉइड म्हणतो, रोग्याला त्याच्या नेणिवेत काय आहे ते नुसतं सांगून टाकणं म्हणजे दुष्काळात भुकेल्यांना मेन्युकार्डं वाटण्यासारखं आहे. आणि लक्षात घे, हे म्हणणारा माणूस लैंगिकतेला केंद्रस्थानी ठेवणाराच होता. त्याचा आक्षेप निदानाच्या घाईला आणि सांगण्याच्या पद्धतीला होता.

सांगून का भागत नाही, हे कळलं की तुला त्याच्या व्यक्तिमत्त्वाच्या सिद्धांताचा गाभा कळेल. परीक्षेसाठी तुम्ही इदम् (आदिम इच्छा), अहम् (व्यवहार सांभाळणारा ‘मी’), पराहम् (आतला नीतीचा पहारेकरी) असे तीन मजले काढता: खाली अंधारात इदम्, वर उजेडात शहाणा अहम्. पण १९२३ मध्ये फ्रॉइडने ही मांडणी केली तीच मुळी जाणीव आणि नेणीव हा जुना नकाशा पुरेना म्हणून. त्याला दिसत होतं, की रोगी काहीतरी टाळतोय, पण आपण टाळतोय हे रोग्यालाच माहीत नाही. म्हणजे नकोसं आठवू न देणारी जी शक्ती, ती अहम्‌चीच, आणि तीसुद्धा नेणिवेतच काम करते. अहम्‌चा मोठा भाग स्वतःलाच अनोळखी असतो. हे वाक्य वहीत लिहून ठेव. बाहेरून कोणी कितीही बरोबर सांगितलं तरी ते आत घ्यायचं की दारातच अडवायचं हे ठरवणारा भाग त्या माणसाच्या हुकमतीत नसतो. पुढे १९३६ मध्ये फ्रॉइडच्या मुलीने, ॲना फ्रॉइडने, अहम्‌च्या या अडवणाऱ्या शक्तींवर, म्हणजे संरक्षण यंत्रणांवर, पुस्तक लिहिलं. ते वाचताना जाणवतं, की या यंत्रणा म्हणजे खोड्या किंवा ढोंग नव्हेत. त्या असह्य गोष्टीपासून माणसाला सांभाळत असतात. एखाद्याचं संरक्षण ओढून काढायचं, तर त्याजागी आपण काय देणार आहोत?

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक बाई येत असत, पंचवटीतल्या. घरातले सगळे सणवार, कुळाचार त्यांच्या हातात, सगळ्या तिथ्या तोंडपाठ. एका वर्षी त्या सासऱ्यांचं श्राद्ध चक्क विसरल्या. नवरा भडकला, आणि ‘मला काय झालंय’ म्हणत त्या माझ्याकडे आल्या. तुझ्या वर्गात कोणालाही विचारलं तर उत्तर तयार असेल: विसरणं म्हणजे दडपलेला राग, सासऱ्यांबद्दलचा. मीही ती शक्यता मनात धरून होते, पण बोलले नाही. बाई कित्येक भेटींत सासऱ्यांबद्दल आपुलकीनेच बोलत राहिल्या. मग एकदा रिक्षा मिळाली नाही, पाऊस होता, अशा साध्या गप्पांत त्या म्हणाल्या, ‘गंगेवर त्या दिवशीपण पाऊसच होता.’ आणि थांबल्या. मी फक्त विचारलं, ‘कुठल्या दिवशी?’ वडिलांच्या अस्थी गोदावरीच्या रामकुंडात सोडल्या त्या दिवशी. भाऊ पाण्यात उतरले होते. बाई स्वतः दुतोंड्या मारुतीजवळच्या पायरीवर सगळ्यांच्या चपला आणि मोबाइल सांभाळत उभ्या होत्या. ‘तू मुलगी, तुझं काय काम,’ असं कोणीतरी सहज म्हणालं होतं. त्या रडल्याही नव्हत्या, कारण हातात सामान होतं. दुसऱ्याच्या वडिलांचं श्राद्ध दर वर्षी स्वयंपाकासकट करायचं, आणि स्वतःच्या वडिलांना हातही लावायचा नाही! विसर पडला तो या जागी. मी आधीच ‘तुमचा सासऱ्यांवर राग आहे’ म्हटलं असतं, तर त्यांनी मान डोलावली असती आणि पावसाची गोष्ट कधीच निघाली नसती.

असं ऐकायचं कसं, यावर फ्रॉइडचा १९१२ चा सल्ला मला आजही सर्वांत उपयोगी वाटतो. कशावरही मुद्दाम लक्ष रोखू नका, सगळं सारख्याच अलिप्त लक्षाने ऐका, समोर माणूस बोलत असताना टिपणं काढत बसू नका. आपण आधीच ठरवलेलं शोधायला लागलो, की ठरवलेलंच सापडतं. त्याच लेखात तो म्हणतो, की विश्लेषण करणाऱ्याने आधी स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं. तू स्वतः समुपदेशकाकडे जा, हा माझा हट्ट आहे तो याच कारणासाठी. आणि कोणाचंही ऐकून आलीस की वहीत आधी ‘मला काय वाटलं’ ते लिही: कंटाळा, राग, वाचवण्याची घाई, जे असेल ते. समोरच्याचं वर्णन नंतर.

फ्रॉइड डोक्यावर घेऊ नकोस. त्याच्या मोजक्या, बहुतेक सुखवस्तू व्हिएन्नावासी रोग्यांवरून त्याने अख्ख्या माणूसजातीबद्दल विधानं केली. स्त्रियांबद्दलची त्याची मतं मनोविश्लेषक कारेन हॉर्नाय यांनी १९२० च्या दशकातच खोडून काढायला घेतली. कुठल्याही उलट पुराव्याने जो सिद्धांत पडत नाही त्याला विज्ञान का म्हणावं, हा तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचा प्रश्न अजून जड आहे. त्याचे सहकारी ॲडलर १९११ मध्ये आणि युंग १९१३ मध्ये त्याच्यापासून वेगळे झाले, ते तुमच्या अभ्यासक्रमात आहेच. अभ्यासक्रमात बहुधा नसलेलं एक नाव मात्र शोध: गिरींद्रशेखर बोस. त्यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली, फ्रॉइडशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, आणि त्यात त्याच्या दमनाच्या, म्हणजे नकोशा इच्छा नेणिवेत ढकलण्याच्या, सिद्धांताशी अदबीने पण ठाम मतभेद मांडले. प्रत्येक इच्छेच्या पोटात तिच्या विरुद्ध इच्छाही असते, असं बोस म्हणत. आपल्या माणसांसोबत काम करताना मला हे विधान फार वेळा उपयोगी पडलंय.

आता बाबा. त्यांना कुठलीही संज्ञा ऐकवू नकोस, आणि ऐकवली असशील तर त्यावर वाद घालत बसू नकोस. पहाटे ते तयार होऊन बसतात तेव्हा एक दिवस तूही उठ. चहा कर, शेजारी बस. पहिल्या पाळीला जाताना सोबत कोण असायचं ते विचार. ते बोलतील किंवा पेपर उघडतील. पेपर उघडला तर तोही त्यांचा निर्णय, आपण चहा संपवून उठायचं. त्या शर्टाचा अर्थ काय, हे तुला कदाचित कळणारही नाही. ते रोज सकाळी स्वतःला कोण म्हणून भेटत असतील, एवढं कुतूहल मात्र जिवंत ठेव.

दिवाळीच्या सुटीत माझ्याकडे ये. येण्याआधी फ्रॉइडने लिहिलेली ‘डोरा’ या त्याच्या रोग्याची केस वाच. अठरा वर्षांची मुलगी १९०० च्या अखेरीस सुमारे अकरा आठवड्यांनी उपचार सोडून निघून गेली. पाच वर्षांनी केस छापताना फ्रॉइडने शेवटी कबूल केलं, की तिच्या मनात आपल्याविषयी काय घडत होतं, म्हणजे ट्रान्सफरन्स, ते आपण वेळेत हाताळू शकलो नाही. वाचताना फ्रॉइडच्या वाक्यांखाली रेघा मारू नकोस. ती मुलगी स्वतः काय म्हणते, ती कुठे ‘नाही’ म्हणते, तेवढ्यावरच पेन्सिलीने खुणा कर आणि ती प्रत घेऊन ये.

तुझी,
ताई
गंगापूर रोड, नाशिक