ट्रंक भरून झाली होती

ख्रिस्ती मंडळीतली, म्हणजे चर्चमधली माणसं माझ्याकडे सल्ल्याला येतात तेव्हा एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा येतो. देवानं सेवेला बोलावलं आणि नेमकं घरात आजारपण निघालं. आता थांबलो, तर ते पाचारण नाकारणं होईल का? नगर जिल्ह्यातलं एक जोडपं हेच विचारत आलं होतं. ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांची गोष्ट सांगते.

भाऊ शाळेत मास्तर. मेळघाटात, धारणीच्या बाजूला, कोरकू आदिवासींच्या वस्त्यांमध्ये सेवेला जायचं दोघांनी मिळून ठरवलेलं. नोकरीचा राजीनामा झाला, समर्पणाची उपासना झाली, मंडळीनं कुकर, सोलर दिवा, ब्लँकेटं भेट दिली. ती सगळी ट्रंकेत भरली आणि ताईंच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. निदान झालं ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो.

पहिल्या भेटीत भाऊच बोलले. नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला योग्य नाही, हे येशूचं वचन त्यांना रात्री झोपू देत नव्हतं. शिवाय दर रविवारी कुणीतरी विचारायचंच, "कधी निघताय?" ताई पदराखाली हात झाकून बसल्या होत्या. लग्नाची अंगठी बोटात जाईना म्हणून त्यांनी ती गळ्यातल्या साखळीत ओवली होती.

दुसऱ्या वेळी मी ताईंना एकटीला बोलावलं. अशा प्रश्नात आजारी माणसाचं म्हणणं आधी ऐकावं, असं माझं ठाम मत आहे, कारण घरात सगळी चर्चा त्याच्याविषयी चालते, पण त्याच्याशी कुणी बोलत नाही. ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाई, मी तीन आठवडे गोळ्या बंद केल्या होत्या." प्रार्थनेच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं, विश्वास आहे ना, मग औषध कशाला? एका पहाटे त्यांना नळ फिरवता येईना. दोन्ही मनगटांमध्ये धरून त्यांनी तो उघडला आणि पाण्याच्या आवाजात रडून घेतलं. भाऊंना यातलं काहीच माहीत नव्हतं. "माझ्यामुळे देवाचं काम अडलं," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

इथे मी नुसतं ऐकून घेतलं नाही. त्यांना मेथोट्रेक्सेट चालू होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. रक्तपेशी आणि यकृत ठीक आहे ना, हे बघायला सुरुवातीचे महिने वरचेवर रक्त तपासावं लागतं. तिनं प्रतिकारशक्तीही कमी होते, तेव्हा साध्या तापाकडेही काणाडोळा करून चालत नाही. मी म्हटलं, "प्रार्थना करा, मीही करते. पण गोळी थांबवायची की नाही, ते डॉक्टरच सांगतील." त्या त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेल्या.

भाऊंशी बोलताना मला विल्यम कॅरी आठवले. 1805 साली मराठीचं व्याकरण छापणारे मिशनरी म्हणून आपण त्यांचं नाव आदरानं घेतो. त्यांच्या पत्नी डोरोथी यांना इंग्लंड सोडायचं नव्हतं. 1793 मध्ये अगदी शेवटच्या घडीला, तान्ह्या बाळाला घेऊन, त्या निघाल्या. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर डोरोथी मनानं कोलमडल्या, त्या 1807 मध्ये मरेपर्यंत सावरल्या नाहीत. कॅरींचा न्याय करायला मी बसले नाही. पण त्यांच्या कामाचं मोल सांगताना डोरोथींचं नाव आपण किती वेळा घेतो? भाऊ मान खाली घालून ऐकत होते. त्यांना एवढंच विचारलं, "ताई 'येते' म्हणाल्या, ते कधी? दुखणं सुरू व्हायच्या आधी की नंतर?"

आणि बायबलमधला एपफ्रदीत? सेवेत मरणाला टेकलेल्या त्या माणसाला प्रेषित पौलानं घरी परत पाठवलं आणि फिलिप्पैच्या मंडळीला पत्रातून त्याचा मान ठेवायला सांगितलं. परतणाऱ्याला कुणी पळपुटा म्हटलं नाही. भाऊंनी ते पत्र शेकडो वेळा वाचलेलं होतं, पण त्यातला हा भाग आपल्यालाही लागू होईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पुढचं मग भराभर झालं. मिशन मंडळाला दोघांच्या सहीनं पत्र गेलं : एक वर्ष थांबतो, मग डॉक्टरांचं मत घेऊन पुन्हा बसू. तारीख लिहायला मीच लावली, कारण नुसतं 'सध्या नाही' म्हटलं की माणूस ना इथला राहतो, ना तिथला. पाळकसाहेबांनी उपासनेत एकदाच सांगितलं, दर रविवारचा प्रश्न बंद झाला. भाऊंनी जवळच्या शाळेत तासिका धरल्या आणि संध्याकाळी कोरकू शिकायला बसू लागले. ती मराठीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली, त्यामुळे जीभ वळेना. ताईंची वळायची. त्या फोनवर वस्तीतल्या बायकांशी बोलायच्या आणि भाऊंच्या चुका काढायच्या.

गोळीचा वारही ताईंनी डॉक्टरांना विचारून सोमवार करून घेतला. दुसऱ्या दिवशी मळमळतं, आणि रविवारची उपासना त्यांना चुकवायची नव्हती.

वर्ष भरायला दोन महिने होते तेव्हा दोघं आठ दिवस धारणीला राहून आले. रक्त कुठे तपासून मिळेल, मोठ्या डॉक्टरांसाठी अमरावतीला घाट उतरून किती वेळा यावं लागेल, याची चौकशी ताईंनी केली, भाऊंनी नाही. जायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. गेल्या भेटीत मी ट्रंकेचं विचारलं.

"पलंगाखाली सरकवलीय," ताई म्हणाल्या. "ब्लँकेटं काढली वापरायला. थंडी पडली होती ना."