अमेरिकी सरहद्दीवरच्या, म्हणजे पश्चिमेकडे नव्याने वसत गेलेल्या भागातल्या, ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या वाचताना संदर्भ लागत नाहीत. काय करावं?

आधी कथेचं साल बघा, मुखपृष्ठावरचा घोडेस्वार नंतर. 1869 मध्ये पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली. त्याआधी मिसुरीहून ओरेगॉनला बैलांच्या गाडीने चार-सहा महिने लागत, दिवसाला जेमतेम 15 मैल. गाडी सामानाने गच्च आणि स्प्रिंगांशिवाय, म्हणून बहुतेक जण शेजारून चालत. नायिका आत आरामात लोळत असेल, तर लेखकाचा अभ्यास कच्चा!

खरी गोम ‘होमस्टेड’मध्ये, म्हणजे वस्ती करण्यासाठी सरकारकडून मिळणाऱ्या जमिनीत आहे. 1862 च्या कायद्याने 160 एकर मिळत, पण पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची. 21 वर्षांची अविवाहित बाई किंवा विधवा अर्ज करू शके. नवऱ्याबरोबर नांदणारी सहसा नाही. अर्ज आधी की लग्न आधी, हा पेच तिथूनच येतो. हे ठाऊक नसलं की नायिका उगाच हट्टी वाटते.