प्रश्न तुमचे : भोंगा, देखावा आणि मतयंत्र

प्रश्न : आमच्या इमारतीच्या एका बाजूला गणपतीचा मंडप, दुसऱ्या बाजूला मशिदीचा भोंगा. फोनमधलं अ‍ॅप दोन्हीकडे ८५ ते ९२ डेसिबल दाखवतं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज तेच : 'त्यांचं मोजा', 'आधी तुमचं मोजा'. पोलिस म्हणतात, अ‍ॅपचा आकडा चालत नाही. मर्यादा नेमकी किती आणि मोजायची कशी?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : आधी मर्यादा, कारण निम्मं भांडण चुकीच्या आकड्यावरच चाललेलं असतं. '७५ डेसिबलपर्यंत चालतं' हे वाक्य मंडळांपासून मशिदींपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि निवासी भागापुरतं ते साफ चूक आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. त्यात निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागाला ६५ आणि ५५, शांतता क्षेत्राला ५० आणि ४० अशा मर्यादा आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. सार्वजनिक जागी ध्वनिवर्धक लावला, तर त्या जागेच्या हद्दीवरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त चालतो किंवा ७५ पर्यंत चालतो. *यातलं जे कमी असेल ते* धरायचं. शेवटचे हे शब्द सगळे सोयीस्करपणे गाळतात. निवासी भागात ५५ अधिक १०, म्हणजे ६५. पंच्याहत्तर फक्त बाजारपेठेत आणि औद्योगिक भागात.

रात्री १० नंतर उघड्यावरच्या ध्वनिवर्धकाला डेसिबलचा प्रश्नच उरत नाही. तो वाजतोय हाच भंग. सणासुदीला १० ते १२ अशी सूट राज्य सरकार देऊ शकतं, पण वर्षभरात मिळून जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस आधी जाहीर करून. त्यामुळे रात्रीच्या तक्रारीला मीटर लागत नाही. वेळ दिसेल असा व्हिडिओ पुरतो.

अ‍ॅपबद्दल पोलिस म्हणतात ते बरोबर आहे. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी केलेला असतो. मोठा आवाज आला की फोन आपणहून माइकची पातळी उतरवतो, खालचा बेस जवळजवळ ऐकतच नाही, आणि प्रत्येक मॉडेलची चूक वेगळी. एकाच खिडकीत दोन फोन ठेवले तर ७ - ८ डेसिबलचा फरक सहज पडतो. तक्रार करण्याजोगं आहे का, एवढा अंदाज घ्यायला अ‍ॅप ठीक. पुराव्याला आयईसी ६१६७२ मानकाचा, निदान क्लास २ चा मीटर हवा. मोजण्याआधी आणि नंतर तो ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर (नेमका तेवढाच आवाज देणाऱ्या उपकरणावर) तपासायचा. सोसायटीने वर्गणी काढून एक घ्यायला हरकत नाही.

मोजताना स्केल 'ए', माइकवर फोमची टोपी, मीटर जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच आणि भिंतीपासून शक्यतो साडेतीन मीटर दूर. भिंतीला चिकटून मोजलं तर परतलेला आवाजही मोजला जातो. मीटरवर 'एलईक्यू' (त्या वेळेतल्या ध्वनिऊर्जेची सरासरी) निवडून किमान १० - १५ मिनिटं नोंद घ्या. आकडे वहीत उतरवून त्यांची सरासरी काढू नका. डेसिबलची सरासरी शाळेतल्या बेरीज-भागाकाराने निघत नाही. तासातली ५४ मिनिटं ५५ डेसिबल आणि ६ मिनिटं ९५ असेल, तर साधी सरासरी येते ५९. खरा एलईक्यू येतो ८५. सहा मिनिटांचा धुडगूस अख्खा तास खाऊन टाकतो. साध्या सरासरीमुळे कित्येक खऱ्या तक्रारी कागदावर बारीक होऊन जातात.

मुंबईतली मोठी अडचण रहदारीची. स्पीकर बंद असतानाचा आवाज आधी नोंदवा. चालू आणि बंद यांत १० पेक्षा जास्त फरक असेल तर काही करायला नको. ३ ते १० असेल तर वजावट लागते : एकूण ७० आणि रस्त्याचे ६७, तर स्पीकरचे ६७ धरायचे. फरक ३ पेक्षा कमी असेल तर त्या वेळचं मोजमाप सोडून द्या, पहाटे मोजा.

आता ग्रुपवरच्या 'त्यांचं - तुमचं' बद्दल. 'ए' स्केल माणसाच्या कानाप्रमाणे बेस कापतं. १२५ हर्ट्झला १६ डेसिबल, ६३ हर्ट्झला तब्बल २६. भोंग्याचा आवाज १ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास, तिथे कपात जवळजवळ शून्य. म्हणजे ज्या डीजेने तुमच्या खिडक्या थरथरतात त्याला हा नियम मोठी सवलत देतो आणि अजानच्या किंवा काकड आरतीच्या भोंग्याला पूर्ण आकडा लावतो. कायदा कुणाची बाजू घेत नाही, पण स्केल घेतं. बेसची तक्रार असेल तर 'ए'सोबत 'सी' स्केलचंही (ते बेस फारसा कापत नाही) वाचन नोंदवा. मर्यादा 'ए'मध्येच आहे, तरी दोन्हींतला १५ - २० चा फरक पोलिसांना दाखवता येतो.

ध्वनिवर्धक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं आणि जानेवारी २०२५ मध्ये, कुर्ला-चुनाभट्टीच्या रहिवाशांच्या याचिकेवर, पुन्हा सांगितलं. दुसऱ्या निकालातली कामाची गोष्ट वेगळी : तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी. तेव्हा ११२ किंवा १०० ला फोन करा, तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. कोणाच्या देवाचा आवाज ते सांगायची गरज नाही, ठिकाण पुरे.

प्रश्न : मी मंडळाचा चिटणीस आहे. साउंडवाला म्हणतो, 'लिमिटर लावला तर आवाज मरतो.' खरं का?
– लालबाग

उत्तर : लिमिटर म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीपुढे जाऊ न देणारी सोय. आवाज मरतो तो वाईट लावलेल्या लिमिटरने. डिजिटल मिक्सरच्या मुख्य आउटपुटवर लिमिटर असतोच. पिंक नॉइज (चाचणीचा एकसंध खरखराट) वाजवा, मीटर मंडपाच्या हद्दीवर धरा, आणि वाचन तुमच्या मर्यादेच्या २ डेसिबल खाली येईपर्यंत पातळी वाढवा. त्या क्षणी मिक्सरवर दिसणारी पातळी हाच थ्रेशोल्ड, म्हणजे लिमिटर जिथून आवाज दाबू लागतो ती रेघ. अ‍ॅटॅक (दाबायला लागणारा वेळ) ५ - १० मिलिसेकंद, रिलीज (पुन्हा सोडायला लागणारा वेळ) २०० च्या आसपास. रिलीज फार कमी ठेवला की ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला गाणं धापा टाकल्यासारखं वाटतं, आणि साउंडवाल्याची खरी तक्रार तीच असते.

घोटाळा होतो तो पुढे. लिमिटर मिक्सरवर असतो आणि रात्री नऊला एखादा उत्साही कार्यकर्ता थेट अ‍ॅम्पचा नॉब फिरवतो. नॉबवर खूण करा, वर टेप लावा, रॅकला कुलूप घाला. आरतीचा माइक वेगळ्या अ‍ॅम्पवर असेल तर तोही याच मिक्सरमधून घ्या, नाहीतर लिमिटर फक्त गाण्यांना आणि आरती मोकाट.

एका मोठ्या थप्पीऐवजी लहान स्पीकर जास्त लावा, गर्दीकडे खाली झुकवून. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. गल्लीत, दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे, तितकाही उतरत नाही. मोठ्या थप्पीने शेवटच्या माणसाला ऐकू जावं म्हणून पुढच्यांना बधिर करावं लागतं. आणि स्पीकरजवळ उभे राहणारे तुमचेच कार्यकर्ते : १०० डेसिबलला कानाची रोजची सुरक्षित मुदत १५ मिनिटं आहे.

प्रश्न : आमच्या देखाव्यात यंदा अंतराळयान, आत बाप्पा, आणि खाली सध्याच्या राजकारण्यांच्या हलत्या बाहुल्या. मुलांनी ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि एलईडी पट्टी लावली आहे. पाच मीटरच्या पट्टीचं शेवटचं टोक पिवळट दिसतं, बाहुल्यांचे हात उगाच फडफडतात. शिवाय काही ज्येष्ठांना यान म्हणजे देवाची चेष्टा वाटते आणि बाहुल्या म्हणजे पोलिसांना आमंत्रण. तुमचं मत?
– गिरगाव

उत्तर : पिवळटपणाचं कारण वीज. मीटरला ६० दिवे धरले तर पाच मीटरला ३००. पूर्ण पांढऱ्यावर प्रत्येक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे एकूण १८ अँपिअर, ५ व्होल्टला. पट्टीतल्या बारीक तांब्याला तो झेपत नाही, टोकाला व्होल्टेज पडतं, आणि निळ्या-हिरव्या दिव्यांना लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागत असल्याने तेच आधी मंदावतात. दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरने वीज द्या. प्रोग्रॅममध्ये प्रकाश ४० टक्क्यांवर रोखा. मंडपात त्याहून जास्त लागतही नाही. डेटाच्या वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टर, सप्लायवर १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा, पट्टीला ५ चा हवा; मध्ये ७४एएचसीटी१२५ ही चिप घाला. हे सगळं लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं.

हात फडफडतात कारण सर्वो, म्हणजे हात हलवणाऱ्या छोट्या मोटर, बोर्डाच्याच ५ व्होल्टवर जोडलेत. अडकलेला एक मोठा सर्वो दोन अँपिअरच्या वर ओढतो, व्होल्टेज कोसळतं, बोर्ड रीसेट होतो आणि सगळ्या बाहुल्या एकदम सलाम ठोकतात. सर्वोंना वेगळा सप्लाय द्या. फक्त ग्राउंड एकत्र. दहा दिवस सलग चालणाऱ्या जड हाताला सर्वो लावूच नये, गिअर झिजतात आणि मोटर जळते. तिथे गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर, आणि हाताच्या दुसऱ्या टोकाला वजन. मंडपाच्या मुख्य वायरीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. भाद्रपदातला पाऊस, लोखंडी सांगाडा आणि अनवाणी रांग, यात त्याच्याविना लाइट चालू करणं गुन्हाच म्हणू.

यानाचं म्हणाल तर आम्ही मुलांच्या बाजूने. सार्वजनिक उत्सवात लोक जे बोलत असतात ते देखाव्यात येणारच, टिळकांच्या काळापासून येतंय. आज मुलं अ‍ॅनिमे आणि रॉकेटवर वाढतात, तर यान येणार. मूर्तीचं रूप बदलू नका, आजूबाजूचं जग बदला, एवढी रेघ बहुतेक ज्येष्ठांना पटते. मूर्तीपेक्षा उंच नेत्यांचे बॅनर ज्यांना चालतात त्यांनी यानावर रुसावं, हे मात्र आम्हाला कळत नाही.

बाहुल्यांसाठी तयारी लागते. २०२२ मध्ये कल्याणच्या एका मंडळाचा पक्षफुटीवरचा देखावा पोलिसांनी उचलला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि फेरबदल करून देखावा उभा राहिला. हे टाळायला संहिता आणि ध्वनिमुद्रण आधीच पोलिस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. टीका निर्णयावर ठेवा, जात-धर्मावर नको. भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ आणि २९९ तिथेच लागतात. नेत्याचा आवाज एआयने हुबेहूब बनवू नका. ती क्लिप मोबाइलवर बाहेर गेली की देखावा मागे राहतो आणि 'खरं भाषण' म्हणून फिरते. नकलाकार घ्या. नक्कल ही नक्कल म्हणून ओळखू येते, यातच तुमचं संरक्षण आहे.

प्रश्न : ऑफिसात सगळे सॉफ्टवेअरवाले. अर्धे म्हणतात ईव्हीएम हॅक होतं, अर्धे म्हणतात अशक्य. तांत्रिक माणसाने प्रत्यक्ष काय तपासावं?
– विक्रोळी

उत्तर : दोन्ही गट यंत्राच्या आत डोकावतात, जिथे त्यांना प्रवेश नाही. बाहेर कागद आहेत, ते वाचा. लोकसभा-विधानसभेला मतदानाच्या ९० मिनिटं आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं मॉक पोल (चाचणीचं मतदान) होतं, मग ती मतं पुसतात. पुसायची राहिली तर संध्याकाळी आकडा जुळत नाही. बऱ्याचशा 'जादा मतां'चं मूळ इथे निघतं. मतदान संपल्यावर केंद्रावर एकूण पडलेली मतं फॉर्म १७सी वर लिहून त्याची प्रत प्रतिनिधींना देतात. मोजणीच्या दिवशी यंत्राचा आकडा याच्याशी ताडायचा. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी काचेआड ७ सेकंद दिसते, ती बघा. चिठ्ठीवर दुसरंच नाव आलं तर नियम ४९एमए खाली लेखी तक्रार करून चाचणी मत मागता येतं. तक्रार खोटी ठरली तर शिक्षा आहे.

दर विधानसभा मतदारसंघात ५ व्हीव्हीपॅट मोजतात, मुंबईत ३६ मतदारसंघ म्हणजे १८०. हे पुरेसं आहे का, हा संख्याशास्त्राचा रास्त वाद आहे आणि तो जरूर घाला. शंभर टक्के मोजणीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर ५ टक्के यंत्रं तपासून घ्यायची वाट ठेवली. महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांना हे सगळं जसंच्या तसं लावू नका. आणि ऑफिसातल्या ज्याला खरोखर शंका आहे त्याने पुढच्या वेळी एखाद्या उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी व्हावं. पहाटे पाचच्या आधी उठावं लागतं, म्हणून बहुतेक जण होत नाहीत.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपचा मी अ‍ॅडमिन. दंगलीचा जुना व्हिडिओ कुणी टाकला तर मी अडकतो का? आणि जुना आहे हे ओळखायचं कसं?
– मुलुंड

उत्तर : निव्वळ अ‍ॅडमिन म्हणून नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. मात्र तुम्ही स्वतः पुढे पाठवला, किंवा ठरवून पाठवू दिला, तर गोष्ट वेगळी.

व्हिडिओची तारीख फाइलमध्ये शोधू नका, व्हॉट्सअ‍ॅप ती माहिती पुसतं. व्हिडिओ थांबवून स्वच्छ चौकट पकडा, स्क्रीनशॉट गूगल लेन्सला द्या. मग पाट्या बघा. मुंबईत दुकानांवर मराठी पाटी सक्तीची. एकही मराठी अक्षर नसेल तर 'काल रात्री, मालवणी' या मजकुरावर शंका घ्या. गाड्यांचे क्रमांक वाचा : एमएच ०१ ते ०३ आणि ४७ मुंबईचे. मेसेजच्या डोक्यावर दोन बाणांचं चिन्ह असेल तर तो व्हिडिओ बऱ्याच हातांतून आलाय. 'फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात' ही सेटिंग तणावाच्या दिवसात दोन-तीन दिवस लावून ठेवा. आधी सांगून लावा, नाहीतर त्यावरूनच वेगळा ग्रुप निघेल.