‘अप्रभावी’ जनुकाला ‘सुप्त’ किंवा ‘दुर्बल’ म्हणावे का?

‘अप्रभावी जनुक म्हणजे ज्याचा प्रभाव पडत नाही असे जनुक, मग त्याला सुप्त किंवा दुर्बल म्हटले तर काय बिघडते?’ असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझ्या मते बरेच बिघडते.

जनुक म्हणजे आनुवंशिक गुण ठरवणारा घटक. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. जनुकाच्या निरनिराळ्या रूपांना अलील म्हणतात. दोन प्रती भिन्न असताना ज्या अलीलचा गुण दिसतो ते प्रभावी आणि ज्याचा दिसत नाही ते अप्रभावी. म्हणजे ‘धाकटा’ हे विशेषण जसे कोणाच्या तरी तुलनेतच अर्थपूर्ण असते, तसेच हेही आहे.

वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणारे ग्रेगोर मेंडेल यांनी 1866 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ‘अप्रभावी’साठी वापरलेला मूळ शब्द (इंग्रजीत ‘रिसेसिव्ह’) ‘मागे सरणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकरातून आलेले सारे दाणे गोल होते. पुढच्या पिढीत मात्र 7324 दाण्यांपैकी 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले निघाले. मागे सरलेला गुण जसाच्या तसा परतला. मराठीतील नकारार्थी ‘अ’मुळे परतण्याची ही छटा हरवली, याची मला खंत वाटते.

‘दुर्बल’ म्हटल्याने एक अलील दुसऱ्याला दडपते असा समज होतो, पण या वाटाण्यांत तसे काहीच घडत नाही. सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्चच्या रेणूंना फांद्या जोडणाऱ्या विकराचे (म्हणजे एन्झाइमचे) जनुक बिघडलेले असते. त्यामुळे स्टार्च कमी आणि साखर जास्त होते, साखरेमुळे दाणा अधिक पाणी शोषतो आणि वाळताना आकसतो. एक प्रत धड असली तरी दाणा गोल राहण्याइतके विकर तयार होते. विशेष म्हणजे अशा संकरित दाण्यातील स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पालकांच्या मधल्या स्वरूपाचे दिसतात. अलीलची जोडी तीच, पण दाण्याचा आकार पाहिला तर पूर्ण प्रभाविता आणि स्टार्चचे कण पाहिले तर अपूर्ण!

‘सुप्त’ही सरसकट चालणार नाही, कारण दोन्ही प्रती अप्रभावी अलीलच्या असल्या की गुण उघड दिसतो. रक्तगटांत ए आणि बी ही अलील ओपुढे प्रभावी, पण परस्परांत सहप्रभावी असतात, म्हणजे दोन्हींचे गुण एकत्र दिसतात. प्रभावी म्हणजे बहुसंख्य, हेही खरे नाही: हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगाचे अलील प्रभावी असूनही विरळ आहे, तर ओ रक्तगट अप्रभावी असूनही जगभर विपुल आढळतो.

‘अप्रभावी’ हा शब्द आता रूढ आहे, तो बदलू नये. मात्र ‘सुरकुतलेपणा गोलपणापुढे अप्रभावी आहे’ अशी पूर्ण वाक्यरचना करावी. अप्रभावी अलीलची एकच प्रत असलेल्या व्यक्तीसाठी ‘वाहक’ हा चांगला शब्द आहे; आईवडील दोघेही वाहक असतील, तर त्यांच्यात न दिसलेला गुण प्रत्येक अपत्यात दिसण्याची शक्यता चारात एक असते.