अर्ध्या वाक्यात सांगितलेल्या गोष्टी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हाताने लिहिलेलं, चांगलं लांबलचक पत्र बऱ्याच काळाने आलं, त्यामुळे घरातली कामं बाजूला ठेवून आधी तेच वाचलं. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पुण्यात आल्यापासून दिवस सगळे सारखे झालेत असं तू लिहिलंस. अभ्यासिका, मेस, कॉट, पुन्हा अभ्यासिका. किती पानं झाली, टेस्टला किती मार्क पडले, एवढ्यावरच दिवस चांगला की वाईट ते ठरतं. "बाई, आनंद वाटणंच बंद झालंय." या वाक्याने मला काळजी वाटली. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल आणि असं बरेच दिवस चाललं असेल, तर हे पत्र पुरं करण्याआधी डॉक्टरांना गाठ. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर कुठल्याही वेळी लागतो, मराठीत बोलता येतं. त्यात कमीपणा काही नाही.

पण त्याच पत्रात काही गोष्टी तू अर्ध्या अर्ध्या वाक्यात उरकून पुढे गेली आहेस. मेसला उशीर झाला, तर काकूंनी ताट झाकून ठेवलं होतं. पाऊस आला तेव्हा तू खाली चहाला गेली होतीस, आणि वर येऊन बघतेस तो खिडकीजवळची तुझी पुस्तकं कुणीतरी आत सरकवून ठेवलेली. राज्यघटनेचं उघडं पुस्तक मिटताना पान हरवू नये म्हणून त्यात तुझी पेन्सिलही घातलेली. पहाटे तारेवर एक काळा-पांढरा पक्षी इतका वेळ गातो की झोपमोड होते. आणि त्या संध्याकाळी पावसाचा वास आला, क्षणभर फार बरं वाटलं, मग बाबांचा फोन आला की काढून ठेवलेला कांदा भिजला. "मग माझी मलाच लाज वाटली."

तुझं खरं दुखणं या शेवटच्या वाक्यात आहे. म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

लासलगावच्या पट्ट्यात जन्म गेल्यावर एप्रिलमधला पाऊस म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत लावलेला कांदा उपटायचा, पातीसकट शेतात सुकवायचा, मग पात कापून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठीत, भरायचा. चाळीत तो चार-पाच महिने टिकला तरच भावाची वाट बघता येते. नेमकं त्या सुकण्याच्या दिवसांत पाणी लागलं की वरून बरा दिसणारा कांदा चाळीत आतून सडतो, आणि शेजारच्यालाही सडवतो. घरादाराची धावपळ, ताडपत्रीसाठी ओढाताण, आणि निम्मा माल डोळ्यांदेखत भिजताना बघणं. तुझ्या बाबांचा आवाज कसा लागला असेल ते मला इथे बसून ऐकू येतं.

आता त्या वासाचं ऐक. कोरड्या दिवसांत झाडांतून निघणारी तेलं माती आणि दगड शोषून घेतात. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिओस्मिन हे रसायन तयार करतात. पावसाचा थेंब सच्छिद्र जमिनीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते थेंबातून वर येतात, फुटतात, आणि डोळ्यांना न दिसणारे तुषार हवेत उडवतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं. फार जोराच्या सरीपेक्षा हलक्या-मध्यम सरीत हे जास्त घडतं, म्हणून वास पहिल्या थेंबांना येतो, मुसळधार लागल्यावर विरतो. जिओस्मिनच्या बाबतीत माणसाचं नाक कमालीचं तीक्ष्ण आहे, अगदी कणभरही त्याला पुरतं. कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचा हाच वास चंदनाच्या तेलात उतरवतात.

म्हणजे तो वास आवडून घ्यायचं तू ठरवलं नव्हतंस. तुझ्या नाकाने आणि मेंदूने तुला न विचारता ते केलं. शिवाय वळवाचा ढग उभा राहतो तो त्या त्या भागातली तापलेली जमीन आणि तिथलं बाष्प यांच्या जोरावर. एका शिवारात गारा पडतात आणि शेजारच्या शिवारात धूळही बसत नाही, हे तू लहानपणापासून बघितलंयस. सदाशिव पेठेवर आलेला ढग वेगळा, आपल्या शिवारावरचा वेगळा. पण मी म्हणते, एकच असता तरी काय? तू नाक दाबून धरलं असतंस तर कांद्याचा एक वक्कल तरी कोरडा राहिला असता का?

तुला लाज वाटली ती पावसामुळे नव्हे. आई-बाबा तिकडे राबतात, मी इथे त्यांच्या पैशावर बसून वाचते, तेव्हा मला बरं वाटायचा हक्कच नाही, असं तुझ्या मनाने कधीतरी ठरवून टाकलंय. तुझ्याबरोबर कॉटवर राहणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या मनाने ठरवलं असेल. याला तुम्ही कृतज्ञता म्हणता. माझ्या मते ते कर्ज आहे. कर्ज घेतलेला माणूस सावकाराच्या घरावरून मान खाली घालून जातो, त्याच्याशी बोलायचं टाळतो. तूही बाबांना फोन करायचं टाळतेस, हे तूच लिहिलंयस. "चांगला निकाल लागल्यावरच तोंड दाखवीन." बाळा, ज्याचे आभार मानायचे त्याच्याकडे तोंड वळवावं लागतं. तुझ्या बाबांनी हप्ता ठरवून पैसे दिलेले नाहीत. शाळेत तुझं विज्ञान प्रदर्शनातलं मॉडेल बघायला ते शेतातून तसेच आले होते, पायाला चिखल, आणि दारातच उभे राहून बघत होते. त्या चेहऱ्यावर कुठलाही हिशेब नव्हता.

तेव्हा आज त्यांना फोन कर. मी अधिकारी होऊन सगळं भरून काढीन, असलं काही बोलू नकोस. त्याने त्यांच्याच डोक्यावर आणखी ओझं येतं. नुसतं विचार. किती ट्रॉल्या भिजला? ओला माल वेगळा केला का? वाऱ्याला पसरायला जागा आहे का? चाळीत भरायची घाई करू नका म्हणावं. तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले का, नसतील तर अर्ज तू लिहून दे. एवढा अभ्यास करतेस, तो त्यासाठीही उपयोगी पडू दे. आणि नीट ऐकून घे, मधे सल्ला न देता. दोन-चार दिवसांनी त्यांचा जीव थाऱ्यावर आला की पावसाचा वासही सांग. जूनच्या पहिल्या सरीला हातातलं टाकून ओट्यावर येऊन उभे राहणारे तुझे बाबाच आहेत. त्यांना कळेल.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण समाधानी राहा, कृतज्ञ राहा असं सांगणारे तुला खूप भेटतील. पंचनामा मागणं, भाव मागणं, अभ्यासिकेत बायकांसाठी धड स्वच्छतागृह मागणं, हे कृतघ्नपणाचं लक्षण नाही. आहे त्यात गोड मानून घ्या, हा उपदेश बहुधा ज्याला काही द्यायचं नसतं तो करतो. मी तुला तसलं काही सांगत नाहीये.

मग तुझ्या पत्रातल्या उरलेल्या गोष्टींचं काय करायचं?

वुल्फ्राम शुल्त्स नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग तुला आवडतील, विज्ञानाची विद्यार्थिनी आहेस. माकडाला अवचित फळाच्या रसाचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात चेततात. तोच थेंब रोज ठरलेल्या इशाऱ्यानंतर मिळू लागला की पेशी इशाऱ्याला चेततात, प्रत्यक्ष रसाला नाही. आणि इशाऱ्यानंतर रस आलाच नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही मंदावतं. हे १९९७ च्या सुमाराला स्पष्ट झालं. माणसाचं सगळं सुख त्या पेशींत मावत नाही, पण तुझ्या दिनक्रमाकडे बघताना मला ते आठवलं. तू वर्षभर एकाच इशाऱ्याकडे डोळे लावून बसली आहेस, निकालाच्या यादीकडे. झाकून ठेवलेलं ताट त्या यादीत नाही. म्हणून ते समोर येऊनही तुझ्या हिशेबात धरलं गेलं नाही. उद्यापासून आनंद शोधत फीर असं मी म्हणणार नाही. ठरवून शोधायला गेलीस की तोही टाइमटेबलमधला एक विषय होईल. जे आलं ते आलं एवढं कळलं तरी खूप.

आणि कळलं की ते कुणी केलं याची चौकशी कर. रोज रात्री वहीत चांगल्या गोष्टी लिहायची पद्धत आहे. अशा नोंदींवर एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा अभ्यास आहे, आणि नोंदी ठेवणाऱ्यांना आपल्या आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं असं त्यांना आढळलं. हवं तर लिही. पण माझा भर वहीपेक्षा माणसावर आहे. वही काकूंना वाचता येत नाही.

आपल्याकडे घरच्या माणसाला 'आभारी आहे' म्हटलं तर तो चपापतो, आपण परके झालो की काय असं त्याला वाटतं. म्हणून आपण वेगळ्या वाटेने जातो. "आजची आमटी अगदी घरच्यासारखी झालीय, अजून वाढा" हे आपलं आभारप्रदर्शन. चांगलंच आहे ते. त्यात फक्त नेमकेपणा असू दे. "काकू, परवा मला उशीर झाला तेव्हा तुम्ही ताट झाकून ठेवलं होतं. दिवसभर डोकं उठलं होतं, गरम भात बघून बरं वाटलं." एवढंच. तुला संकोच वाटेल, इतक्या लहान गोष्टीचं काय बोलायचं असं वाटेल. कुमार आणि एपली या संशोधकांनी २०१८ मध्ये हेच तपासलं होतं. लोकांना कुणाला तरी आभाराचं पत्र लिहायला सांगितलं, वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज घेतला आणि मग वाचणाऱ्यांना विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा समोरच्याला आनंद जास्त झाला होता, आणि अवघडलेपण कमी वाटलं होतं.

पुस्तकं सरकवणारा किंवा सरकवणारी कोण, ते मला कळलं तर फार आवडेल. त्या पेन्सिलीपाशी मी पुन्हा पुन्हा येते. पुस्तकं वाचवणं सोपं. धावत येऊन कुणीही करेल. पण परक्या मुलीचं वाचून झालेलं पान हरवू नये, हे त्या घाईत सुचायला स्वतः तसंच तासन् तास वाचत बसलेलं माणूस लागतं. तुझ्या शेजारच्या खुर्च्यांवर असं कुणीतरी बसतं आणि तुला ते ठाऊक नव्हतं. अभ्यासिकेच्या फळ्यावर खडूने दोन ओळी लिहून ठेव. नाव कळलं तर ठीक, नाही कळलं तरी ज्याने वाचायचं तो वाचेल.

राहिला पक्षी. तू केलेल्या वर्णनावरून तो दयाळ असावा. काळा, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा, शेपटी वर उचललेली. उन्हाळ्यात त्यांचा विणीचा हंगाम असतो, नर उंच जागा धरून उजाडायच्या आधीपासून गातो, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही करतो. पाऊसकाळ सरत आला की त्याचं गाणं जवळजवळ थांबतं. झोपमोड होणारच असेल तर एकदा गच्चीवर जाऊन बघून ये, आणि मादी दिसते का तेही बघ. नराचा काळा रंग तिच्या अंगावर राखाडी असतो.

पूर्वपरीक्षेची तारीख जाहीर झाली की कळव. बाबांच्या कांद्याचं काय झालं आणि काकू तुला काय म्हणाल्या, तेही सविस्तर लिही. या वेळी अर्ध्या वाक्यात नको.

तुझ्या,
बाई