पहिल्या पगाराची दिवाळी

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

पहिल्या पगारातून घरच्या सगळ्यांना दिवाळीची भेट द्यावी, ही तुझी इच्छा वाचून फार आनंद झाला. मात्र त्यासाठी आईची पैठणी आणि भावाचा मोबाईल हप्त्यांवर घेण्याचा तुझा बेत मला पटलेला नाही. दिवाळी चार-पाच दिवसांत सरते, हप्ते मात्र शिमगा उलटला तरी पगाराला कात्री लावत राहतात. शिवाय प्रश्न केवळ तुझ्या पैशांचा नाही. लग्नातला आहेर वहीत नोंदवून ठेवणारी घरे आपल्याकडे आजही आहेत. तू आत्याला भारी साडी नेलीस, तर तुझ्या लग्नात तिच्या तोडीचे काय द्यायचे, हा घोर त्या माउलीला आतापासून लागेल. घेणाऱ्याला परतफेडीच्या चिंतेत टाकणारी भेट कितीही सुंदर असली तरी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या सणांनी ही काळजी पूर्वीच घेतली आहे. दसऱ्याला आपट्याचे पान आणि संक्रांतीला तिळगूळ सावकाराने दिला काय किंवा मजुराने दिला काय, त्याचे मोल सारखेच राहते. (हल्ली आपट्याच्या फांद्याच फांद्या ओरबाडून बाजारात आणतात, याचे मात्र दुःख होते, एका पानाने भागते.)

तेव्हा दुकानात शिरण्याआधी प्रत्येकाचा दिवस कसा जातो ते आठवून पाहा. तुझे आजोबा निवृत्तीनंतर दुपारभर वाचत बसतात, असे तूच मला सांगितले होतेस. त्यांच्यासाठी दिवाळी अंकासारखी दुसरी भेट नाही. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक असणे ही मराठी घराची ओळख झाली. एक चांगला अंक साधारण २०० ते ४०० रुपयांत येतो. त्याच्या पहिल्या पानावर तारीख घालून, आजोबांनी तुला कोणती गोष्ट वाचून दाखवली होती ते दोन ओळींत लिही. त्याहून अधिक काही करावेसे वाटले, तर गावातल्या वाचनालयात चौकशी कर. अनेक वाचनालये दिवाळीनंतर काही महिने थोड्या वर्गणीत अंक आळीपाळीने घरी वाचायला देतात. अशी वर्गणी तू भरलीस, तर आजोबांना संक्रांतीपर्यंत दर आठवड्याला बाहेर पडायला निमित्त मिळेल आणि समवयस्क वाचकांच्या गाठीभेटीही होतील.

आईला पैठणीपेक्षा तुझी रजा अधिक मोलाची वाटेल. दिवाळीच्या दोन दिवस आधी घरी पोहोच, चकलीच्या भाजणीपासून अनारशांपर्यंत तिच्या बरोबरीने उभी राहा आणि तिची मापे एका वहीत उतरवून घे. आत्या-काकूंसाठी घरी उटणे कर. चंदन, वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी, आवळकाठी आणि वाळवलेली संत्र्याची साल काष्ठौषधींच्या दुकानातून आणून दळून घे, वस्त्रगाळ कर आणि कागदी पुड्या बांधून प्रत्येकीचे नाव आपल्या हाताने लिही. एवढ्या पुड्यांनी कोणाच्याही मनावर ओझे येणार नाही. भावाला परीक्षेची जी पुस्तके हवी आहेत, ती त्यालाच विचारून घे. भाऊबीजेला तो घालील त्या ओवाळणीतली थोडी रक्कम भाऊबीज निधीला देता आली तर अवश्य दे. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली स्थापन केलेल्या संस्थेचा हा निधी असून, कधीही न पाहिलेल्या बहिणींच्या शिक्षणासाठी लोक त्यात ओवाळणी घालत आले आहेत.

तुझ्या यादीत एक नाव मला दिसले नाही. तुमच्याकडे इतकी वर्षे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना दरवर्षी जुनी साडी आणि उरलेला फराळ मिळतो. त्याला भेट म्हणणे मला जड जाते. या वर्षी आईशी बोलून त्यांना त्यांच्या एका महिन्याच्या पगाराइतकी रोख रक्कम पाकिटात घालून दे. त्यात तुझाही वाटा असू दे. ती वसुबारसेच्या आधी दे, म्हणजे त्यांच्या मुलांचे कपडे आणि घरचा किराणा वेळेवर येईल. लक्ष्मीपूजन झाल्यावर दिलेले पैसे त्यांच्या दिवाळीच्या उपयोगाचे नसतात. त्यांच्या हाती पाकीट देताना त्यांना आधी बसायला सांग आणि चहा दे.

रजेचा अर्ज आजच टाक. ऐन वेळी गाड्यांची तिकिटे मिळत नाहीत.

तुझे सर