कोक ओ व्हँ: कोंबडा, वाइन आणि तेच ते प्रश्न

वाइनमध्ये मुरवून मंद आचेवर शिजवलेला हा फ्रान्समधल्या बरगंडीकडचा कोंबडा घरी करू पाहणाऱ्यांची पत्रं वाढली आहेत. बरेचसे गोंधळ एकसारखेच असल्यामुळे उत्तरं एकत्र देत आहे.

प्रश्न: उच्चार नेमका काय? ‘कॉक ऑ विन’ म्हटलं तर चालेल?

कोक ओ व्हँ. शेवटचा न उच्चारायचा नाही, नाकात सोडायचा.

प्रश्न: हा पदार्थ ज्युलियस सीझरच्या काळापासूनचा आहे ना?

ती दंतकथा आहे. लेखी पाककृती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिळते. जून कोंबडा वाइनमध्ये शिजवण्याची खेड्यातली रीत त्याआधीची असणार, पण त्यात सीझरला ओढायचं कारण नाही.

प्रश्न: ब्रॉयलर घेतला तर चालेल का? कृतीत तीन तास शिजवा म्हणतात, आमचं चिकन पाऊण तासातच हाडापासून सुटून लगदा झालं.

होणारच. तीन तास हे वर्षभराच्या पुढच्या कोंबड्यासाठी आहेत. त्याच्या पायांत, सांध्यांत कोलॅजन भरपूर असतं. ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि रस ओठांना चिकटतो. सहा-सात आठवड्यांच्या ब्रॉयलरमध्ये विरघळायला फारसं काही नसतंच. त्याच्या मांड्या आणि तंगड्या ३५ ते ४० मिनिटांत होतात, छाती २० मिनिटांत. म्हणून छातीचे तुकडे उशिरा टाका.

‘गावरान’ म्हणून जे विकलं जातं त्यात रंगीत पिसांचे संकरित फार्म पक्षीही असतात. पिसांवर जाऊ नका. छातीच्या हाडाचं पोटाकडचं टोक अंगठ्याने दाबून बघा: कोवळ्या पक्ष्याचं वाकतं, जून पक्ष्याचं वाकत नाही. कोंबड्याच्या नडगीमागचा काटा लांब आणि टणक हवा. वय चिकनवाल्याला सरळ विचारा, आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की कातडीसकट हवा आणि आठ मोठे तुकडे हवेत. आपल्याकडे न सांगता कातडी ओढून ‘करी कट’ केला जातो. त्यात हाडं फुटून रश्श्यात किरच्या येतात आणि परतताना तुकड्यांवर रंगच चढत नाही.

प्रश्न: सहा जणांसाठी प्रमाण सांगाल का?

दीड किलो चिकन, ७५० मिली ड्राय (म्हणजे गोड नसलेली) रेड वाइन, २५० मिली चिकन स्टॉक, १२५ ग्रॅम जाड बेकन, २०० ग्रॅम बटण मशरूम, १८-२० सांबार कांदे, एक गाजर, लसणाच्या चार पाकळ्या, थाइम आणि पार्सलीची जुडी. वाइनमध्ये १२ ते २४ तास मुरवा, फ्रीजमध्येच. मग तुकडे काढून कापडाने अगदी कोरडे टिपा. ओला तुकडा तव्यावर भाजला जात नाही, वाफवला जातो, आणि करडा-जांभळा दिसतो. मशरूम आणि कांदे वेगळे लोण्यावर परतून शेवटच्या १५ मिनिटांत घाला. सांबार कांदे मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकले की सालं पटकन सुटतात.

प्रश्न: वाइन कोणती? दुकानदाराने स्वस्त ‘पोर्ट’ दिली, रस्सा गुळाच्या पाकासारखा झाला.

दुकानदाराने खप पाहिला, तुमची पाककृती नाही. आपल्याकडे पोर्ट म्हणून मिळणारी स्वस्त वाइन गोड असते. रस आटून निम्मा झाला की गोडीही दुप्पट होते. ‘कुकिंग वाइन’च्या बाटल्याही नकोत. त्यात मीठ घातलेलं असतं, तेही आटवल्यावर वाढतं. ज्यात चव नाही ती वाइन स्वयंपाकाच्या नावाखाली खपवायचा हा मार्ग आहे. फ्रान्समध्ये पिनो न्वार किंवा गामे या द्राक्षांची वाइन घेतात. नाशिकच्या वाइनमध्ये झिनफँडेल किंवा ओकच्या लाकडी पिंपात न ठेवलेली शिराझ चालेल. तुरट, जड काबर्ने आटवली की कडवट होते. लेबलवर ‘ड्राय’ आहे का ते बघा, नाहीतर वाइन जाणणाऱ्या विक्रेत्याला विचारून घ्या.

प्रश्न: शिजवल्यावर दारू उडून जाते, त्यामुळे मुलांना आणि गरोदर सुनेला द्यायला हरकत नाही असं सगळे म्हणतात. खरं का?

नाही. हे ‘सगळे’ कोण, ते एकदा कळायला हवं, कारण हे वाक्य सगळ्यांत जास्त वेळा येतं.

अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, म्हणून पाण्याआधी ते पूर्ण निघून जातं, हा तर्क ऐकायला बरोबर वाटतो. पण पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल तसं वेगळं होऊन जात नाही. दोन्हींची वाफ एकत्र जाते आणि थोडं अल्कोहोल शेवटपर्यंत रेंगाळतं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार, पदार्थात मिसळून मंद आचेवर शिजवल्यास ३० मिनिटांनी सुमारे ३५ टक्के, एका तासाने २५ टक्के आणि अडीच तासांनीही ५ टक्के अल्कोहोल उरतं. ब्रँडी ओतून आगीचा भडका दाखवणाऱ्यांनी तर ऐकाच: फ्लांबे केल्यावर सुमारे ७५ टक्के तिथेच असतं.

आता हिशोब करा. १३ टक्क्यांच्या ७५० मिली वाइनमध्ये साधारण ९७ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ब्रॉयलर ४० मिनिटांत उतरवलात तर त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा पातेल्यात असतो. सहा ताटांत वाटला तर रसासकट प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४० मिली वाइनइतकं अल्कोहोल आलं. भांडं किती रुंद, झाकण होतं की नाही, यावर आकडा खालीवर होईल, शून्य होणार नाही. गंमत अशी की तीन तास शिजणाऱ्या जून कोंबड्यात ते खूपच कमी उरतं. झटपट केलेल्या पदार्थालाच लोक निर्धोक समजतात.

त्यामुळे मुलांसाठी आणि सुनेसाठी दुसरं काही करा. साधं स्ट्यू करा, त्यात कमीपणा नाही. यकृताचा आजार असलेले, दारू सोडलेले, डायसल्फिरॅम (दारू सोडवण्यासाठीचं औषध) किंवा मेट्रोनिडॅझोल घेणारे पाहुणे असतील तर त्यांना आधी सांगा. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल आपल्याकडे सर्रास घेतलं जातं आणि त्याबरोबर मद्य टाळायचा इशारा असतो. चालेल की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मीही नाही, यजमानांनीही नाही. धर्मामुळे मद्य वर्ज्य असणाऱ्यांना न सांगता वाढणं तर सरळ फसवणूक आहे.

प्रश्न: कुकरमध्ये केलं तर?

ब्रॉयलरला नको. जून कोंबड्याला चालेल, पण वाइन आधी उघड्या भांड्यात दहा मिनिटं उकळून दोन तृतीयांश करा. बंद कुकरमध्ये ती आटत नाही आणि रस कच्चा, आंबट लागतो. कुकर स्टीलचा घ्या. वाइनच्या आम्लाने अ‍ॅल्युमिनियम रस करडा करतं आणि धातूची चव आणतं. बिडाची कोरी कढईही त्याच कारणासाठी नको.

प्रश्न: फ्रेंच कृतींतल्या बे लीफऐवजी आपलं तमालपत्र?

नको. तमालपत्राला देठापासून निघणाऱ्या तीन लांब शिरा असतात आणि दालचिनीचा वास. बे लीफला मधोमध एकच शीर. मिळालं नाही तर वगळा.

प्रश्न: घरी डुकराचं मांस खात नाहीत.

बेकन वगळा, लोणी आणि मीठ थोडं वाढवा.

प्रश्न: रस पातळच राहतो. कॉर्नफ्लोअर लावू का?

त्याने रस चायनीज सूपसारखा चकचकीत होतो. आधी तुकडे काढून रस मोठ्या आचेवर आटवा. तरीही पातळ असेल तर ३० ग्रॅम मऊ लोणी आणि ३० ग्रॅम मैदा बोटांनी एकजीव करा, चिमटी-चिमटीने उकळत्या रसात फेटा आणि तीन मिनिटं उकळू द्या. त्याआधी उतरवलं तर मैद्याचा कच्चा वास राहतो.

प्रश्न: दुसऱ्या दिवशी चव वाढते म्हणून पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवलं होतं. सकाळी वास ठीक होता, उकळून घेतलं तर चालेल? पाहुणे दुपारी येणार आहेत.

फेकून द्या. शिजवण्यातून वाचलेले काही जिवाणूंचे बीजाणू कोमट रश्श्यात रात्रभर वाढतात, काहींचं विष उकळूनही जात नाही आणि वासावरून काहीच कळत नाही. चव दुसऱ्या दिवशी वाढते हे खरं, पण फ्रीजमध्ये: उथळ भांड्यात काढून दोन तासांच्या आत. कोणी आधीच खाल्लं असेल आणि उलट्या-जुलाब सुरू झाले तर मला लिहीत बसू नका, डॉक्टरांकडे जा.